उभारी दिसत नाही

आत्याच्या खांद्यावर पहिली उभारी बसली तेव्हा टॅबलेट माझ्या हातात होता, आणि मी रेकॉर्डिंग चालू करून उभी होते. उभारी म्हणजे बैलगाडीच्या कडेला खोवतात तो जाड लाकडी दांडा. गाड्या आता फारशा कुणाकडे राहिल्या नाहीत, पण उभाऱ्या राहिल्या आहेत. भांडणाच्या वेळी दाराआडून त्याच बाहेर निघतात. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. आत्या गुडघ्यावर आली. तिच्या दिराने दुसऱ्यांदा उभारी उचलली आणि त्याच ठिकाणी मारली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आसेगावच्या पुढे तिचं वावर आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. शेजारचं वावर तिच्या धाकट्या दिराचं. मधे धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध. दरवर्षी नांगरताना दिराचा ट्रॅक्टर त्या धुऱ्यात एकेक ओळ आत घुसायचा. आत्या ओरडायची, तो शिव्या द्यायचा, आणि पुढच्या वर्षी धुरा आणखी तिच्या बाजूला सरकलेला असायचा. मी नि माझा नवरा शिरपूरला फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नं, डोहाळजेवणं, देवळात येणाऱ्या यात्रेकरूंचे फोटो. बायकांच्या कार्यक्रमांना लोक मला बोलावतात, नवरा घरी बसून मिक्सिंग, म्हणजे शूटिंगची कापाकापी आणि जोडणी, करतो. त्या दिवशी मी जवळच्याच गावात डोहाळजेवणाला गेले होते. आत्याचा फोन आला की ट्रॅक्टर आला आहे, तू ये आणि शूटिंग घे. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. गिऱ्हाइकांना अल्बम दाखवायला सोबत टॅबलेट होता, तोच घेऊन मी गेले.

दुसरा फटका बसला आणि टॅबलेटवर एक काळी पट्टी आली. कार्डचा वेग कमी आहे, रेकॉर्डिंग थांबवलं आहे. मी पुन्हा बटण दाबलं. टॅबलेट विचार करत बसला. माझ्यासमोर आत्या उठत होती, तिचा डावा हात लोंबत होता, आणि उजव्या हाताने ती गवतातला विळा शोधत होती. रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झालं तेव्हा विळा तिच्या हातात आला होता. तिने तो दिराच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओढला. कातडी उघडली, आतलं पांढरं दिसलं आणि मग एकदम लाल झालं. त्याची उभारी तोवर नांगरलेल्या ढेकळांत कुठेतरी पडली होती.

पोलीस ठाण्यात साहेबांनी ती दोन्ही तुकड्यांतली शूटिंग पुन्हा पुन्हा पाहिली. पहिल्या तुकड्यात नुसती शिवीगाळ होती. मारण्याचे ते क्षण टॅबलेटच्या डोक्यात होते, पण कार्डापर्यंत पोचलेच नव्हते, म्हणून पुसले गेले होते. दुसरा तुकडा सुरूच होत होता आत्याच्या उचललेल्या विळ्यापासून. साहेब शांत माणूस होते. त्यांनी टॅबलेट माझ्याकडे परत दिला.

"बाईच्या हातात इळा दिसते," ते म्हणाले. "उभारी काई दिसत नाई."

आत्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, पण दिराने लिहून दिलं की ती धुऱ्यावरून घसरून पडली. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, पण मी तिच्या माहेरची होते. दोन्हीकडच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. गावात मात्र एकच गोष्ट पसरली, कारण दिराच्या मुलाने ती शूटिंग कुठून तरी मिळवून मोबाइलवर फिरवली होती. आत्याने दिराला विळ्याने कापलं, एवढंच लोकांनी पाहिलं.

बरं होईपर्यंत आत्या माझ्याकडे शिरपूरला राहिली. ती गरीब स्वभावाची, सोसणारी बाई आहे असं मी सांगितलं तर खोटं होईल. मी लहान असताना ज्वारीच्या वावरात एका माणसाने तिचा हात धरला होता. तिने त्याचं बोट दातात धरलं आणि तो रडायला लागेपर्यंत सोडलं नाही. त्या घरात सगळेच असे होते. तिच्या नवऱ्याचे पुढचे दोन दात याच धाकट्या भावाने पाडले होते, आणि नवऱ्याने त्याच्या बदल्यात भावाला विहिरीत ढकललं होतं. दोर टाकून वर काढलं तेही त्यानेच. आत्या हे सगळं भाजी निवडता निवडता सांगायची. तिला राग खांद्याचा नव्हता. तिला राग होता तो अर्ध्या शूटिंगचा.

"मार खाल्ला थो कोनाले दिसला नाई," ती म्हणायची, "अन् मारलं थे समद्यायनं पायलं."

माझ्या नवऱ्याने तो टॅबलेट उघडून कार्ड बाहेर काढलं. आठवडी बाजारात घेतलेलं होतं ते. त्यावर भला मोठा आकडा छापलेला होता आणि मागच्या बाजूला रंग निघून चालला होता. आम्ही त्यात लग्नाचे फोटो भरायचो, ते चालायचं. फोटो एकेक करून जातो, कार्डाला दम घ्यायला वेळ मिळतो. शूटिंग मात्र नळाच्या धारेसारखी सारखी येत राहते. कार्डाने ती तेवढ्याच जोराने घेतली नाही तर बादली भरते आणि नळ बंद करावा लागतो. माझ्या हातात नेमकं तेच झालं होतं.

सोयाबीन निघालं, तुरी कमरेच्या वर आल्या, आणि आत्याने केलेल्या मोजणीच्या अर्जावर तारीख मिळाली. सरकारी मोजणीवाले येणार, यंत्र लावून हद्द दाखवणार आणि दगड रोवणार. दिरानेही नोटीस घेतली होती. मोजणीची सगळी शूटिंग मी घ्यावी, असं आत्याने सांगितलं. बंदोबस्त मागून घे, असं माझा नवरा म्हणत होता. ती म्हणाली, पोलीस उभे राहिले तर ते बाप-लेक गप्प बसतील आणि पोलीस गेल्यावर मारतील. त्यापेक्षा जे व्हायचं ते उजेडात होऊ दे.

मी कार्ड घ्यायला वाशीमला गेले. कॅमेऱ्याची दुकानं तशी थोडी आहेत. ज्या दुकानात मी गेले तिथला माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. मी कॅमेरा आणि टॅबलेट दोन्ही काउंटरवर ठेवले आणि दोन्हीसाठी वेगवान कार्ड हवं असं सांगितलं. त्याने विचारलं, जास्त करून काय शूट करता, लग्नं की पक्षी?

"मारामारी," मी म्हणाले.

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने माझ्या गालावर, हातांवर वळ आहेत का ते पाहिलं आणि कार्डांचा डबा पुढे ओढला.

त्याने काही कार्डं काचेवर मांडली. सगळ्यांवर मोठमोठे आकडे होते. माझं बोट आपोआप सगळ्यात मोठ्या आकड्याकडे गेलं. त्याने सांगितलं की तो आकडा कार्डातून बाहेर काढण्याचा वेग आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर टाकताना कामाला येणारा. आत लिहायचा वेग वेगळा, तो कमी असतो, आणि पुष्कळदा पाकिटावर छापतच नाहीत. शूटिंगवाल्याने इंग्रजी व्ही अक्षर आणि त्याच्या पुढचा आकडा पाहायचा. व्ही तीस म्हणजे लिहिण्याचा वेग त्याच्या खाली येणार नाही अशी हमी. मी म्हणाले, मग व्ही साठ द्या, नव्वद द्या, सगळ्यात वरचं द्या. त्याने एक कार्ड उलटं करून दाखवलं. त्याच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी होत्या. माझ्या कॅमेऱ्याच्या खाचेत एकाच ओळीची सोय होती. दुसरी ओळ तिथे मुकीच राहिली असती आणि वेग पहिल्याएवढाच मिळाला असता.

मी त्याला विचारलं की वेग कमी पडला तर कार्ड आधी सांगतं का. त्याने मान हलवली. आधी सांगत नाही, थांबतं तेव्हाच सांगतं. आणि कार्ड रिकामं असताना नीट चालतं, भरत आलं की काही कार्डं मंदावतात, म्हणून ऐन वेळेला धोका असतो. खोटी कार्डं पण फार आहेत. वरचं छापील सगळं खऱ्यासारखं, आत माल भलताच. त्याने सांगितलेला उपाय सोपा होता. घरी जाऊन कार्ड काठोकाठ भरा, एका दमात भरा, मग सगळं परत पाहा. कुठे तुटलं तर मी बदलून देतो.

कॅमेऱ्यासाठी मी व्ही तीसचं घेतलं. टॅबलेटसाठी त्याच वेगाचं लहान कार्ड घेतलं. त्यावर ए अक्षराची आणखी एक खूण होती. टॅबलेटमधली ॲप कार्डावर ठेवायची असतील तर ती खूण लागते, असं तो म्हणाला. मला ॲपचं काही नव्हतं. कॅमेरा हातातून गेला तर दुसरं काहीतरी चालू राहिलं पाहिजे, एवढंच मला समजत होतं.

घरी आल्यावर मी अंगणात कॅमेऱ्याची तिवई लावली आणि नवऱ्याला लाकडं फोडायला सांगितली. आमच्याकडे कडुलिंबाचं एक वाळलेलं खोड पडून होतं. तो कुऱ्हाड चालवत होता आणि मी दोन्ही यंत्रं चालू ठेवून बसले होते. लाकडं संपली तरी मी थांबवलं नाही. तो घामाने निथळत ओट्यावर बसला, कोंबड्या आल्या, गेल्या, आणि कार्ड भरून कॅमेरा आपोआप बंद झाला. मग आम्ही ते मोठ्या पडद्यावर पाहिलं, चित्र चित्र पुढे सरकवून. कुऱ्हाड वर गेलेली, कुऱ्हाड खाली येताना पुसट झालेली, पातं लाकडात शिरलेलं, ढलपी हवेत. मधलं एकही चित्र गळलेलं नव्हतं. आत्या मागे उभी राहून पाहत होती. तिला लाकूड दिसत नव्हतं हे मला तिच्या तोंडावरून कळलं. तिचा हात तिच्या मोडलेल्या खांद्यावर गेला होता.

मोजणीच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. मोजणीचे साहेब आणि त्यांचा एक मदतनीस जीप घेऊन आले. त्यांनी तिवईवर यंत्र लावलं. दिराच्या बाजूला तो स्वतः आणि त्याचा मुलगा, आत्याच्या बाजूला आत्या आणि मी. माझ्या नवऱ्याला एका लग्नाचं काम होतं आणि ते टाळता आलं नाही. टॅबलेट मी बोरीच्या फांदीत खोचला, तोंड धुऱ्याकडे करून. कॅमेरा हातात घेतला. साहेबांनी परवानगी दिली, फक्त मधे येऊ नका म्हणाले.

पहिला दगड भांडणाशिवाय रोवला गेला. दुसऱ्या दगडाची जागा आली ती दिराच्या तुरीत, चांगली आत. साहेबांनी खुणेची काडी रोवली आणि मदतनिसाने खड्डा घ्यायला सुरुवात केली. दिराने काडी उपटून फेकली. साहेबांनी समजावलं की हरकत असेल तर लेखी द्या, वरच्या मोजणीचा अर्ज करा, पण खुणेला हात लावू नका. दिराच्या मुलाने मदतनिसाच्या हातातली पहार हिसकावली. साहेबांनी यंत्र उचललं आणि ते दोघं जीपकडे गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पहार समोर असताना कुणीही गेलं असतं.

आत्या मात्र त्या अर्धवट खड्ड्याजवळ आणून ठेवलेल्या दगडावर जाऊन बसली. दिराच्या मुलाने तिला केसांना धरून ओढलं. ती हलली नाही, तेव्हा त्याने तिच्या कमरेत लाथ घातली. मग आणखी एक. ती कुशीवर पडली आणि तो तिच्या मांडीवर, नडगीवर, जिथे लागेल तिथे लाथा घालत राहिला. दीर उभारी घेऊन आला. या वेळी ती सगळ्यांना दिसत होती. त्याने ती दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि आत्याच्या खुब्यावर आणली. आत्या ओरडली नाही. तिच्या तोंडातून फक्त हवा निघाल्याचा आवाज आला.

मी पुढे जायला हवं होतं असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. आत्याने सकाळीच मला बजावलं होतं.

"तू फकत धरून राय. काई झालं तरी हालू नको."

मी हलले नाही. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका लुकलुकत होता, त्याच्याकडेच मी पाहत होते. दिराच्या मुलाचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्याने ढेकूळ उचलून फेकलं, ते हुकलं. मग दगड फेकला, तो माझ्या गालावर बसला. तोंडात रक्ताची चव आली आणि एक दाढ हलली. माझे गुडघे टेकले, पण कॅमेरा मी छातीशी धरून तसाच त्यांच्याकडे ठेवला. तो माझ्याकडे धावत आला आणि तुरीच्या ओळीत अडखळून पडला. तेवढ्यात मागे दिराचा पाय त्या खड्ड्यात गेला.

तो उताणा पडला. उभारी त्याच्या हातातून सुटली. घोटा खड्ड्यात वाकडा अडकला होता आणि त्याला उठता येत नव्हतं. आत्या सरपटत त्याच्यापर्यंत गेली. तिने तो हद्दीचा दगड दोन्ही हातांनी उचलला. तिचा मोडून जुळलेला खांदा तो दगड कसा पेलत होता, मला अजून कळत नाही. दिराने उजवा हात पुढे केला.

"बस, वयनी," तो म्हणाला. "बस झालं."

आत्याने दगड त्याच्या हातावर घातला. हात जमिनीवर दाबला गेला. तिने दगड पुन्हा उचलला आणि त्याच हातावर पुन्हा घातला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याने किंकाळी फोडली तसा त्याचा मुलगा माझ्याकडे यायचं सोडून बापाकडे धावला. जीपमधून साहेबांनी फोन केला होता. थोड्या वेळाने रस्त्यावरचे लोक आले आणि त्यांनी सगळ्यांना वेगळं केलं.

दवाखान्यात आत्याच्या खुब्याचं हाड मोडल्याचं निघालं. दिराला दुसऱ्या बाजूच्या वॉर्डात ठेवलं होतं. माझ्या गालाला टाके पडले. दुपारी नवरा धावत आला. व्हरांड्यात बसून आम्ही कार्ड पाहिलं. सगळं होतं. काडी उपटलेली, पहार, लाथा, उभारी वर जाताना आणि खाली येताना, माझ्याकडे येणारा दगड लहानाचा मोठा होताना. एकही क्षण गळला नव्हता. आणि दिराचा पुढे केलेला हातही होता, त्याचा आवाजही स्पष्ट होता.

माझ्या नवऱ्याने तो भाग पुन्हा एकदा पाहिला. मग तो हळूच म्हणाला की दीर खड्ड्यात पडतो, तिथपर्यंतचंच द्यावं.

"बाकीचं पडल्यावर लागलं म्हना," तो म्हणाला. "त्यायनं नाई का म्हनलं खांद्याच्या टायमाले."

तो वाईट माणूस नाही. आत्याला तो स्वतःच्या आईसारखं बघतो. आणि काम त्याच्या हातचं होतं. लग्नाच्या शूटिंगमधून रुसलेले काका, सांडलेलं वरण, घसरलेली नवरी तो असंच काढून टाकतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मला ते पटायला लागलं होतं हे मी कबूल करते. गाल ठणकत होता. तिने मारलं ते मला चुकीचं वाटत नव्हतं, आणि तरी तो "बस, वयनी" माझ्या कानातून जात नव्हता. मी ठरवू शकत नव्हते. शेवटी मी कॅमेरा घेऊन आत्याच्या खाटेजवळ गेले आणि तिला सगळं दाखवलं.

तिने शेवटपर्यंत पाहिलं. स्वतःला लाथा बसताना ती पापणी न हलवता पाहत होती. दगडाच्या वेळी तिने मान फिरवली आणि परत वळवली. मी तिला सांगितलं की नवरा काय म्हणतो आहे. तिने हाताने कॅमेरा माझ्याकडे सरकवला.

"पुरं दे," ती म्हणाली. "मांगं अर्धं दिसलं तं मी उगीच खोटी झाली. आता अर्धं देलं तं खरीच खोटी होईन. मारलं तं मारलं."

तिला पश्चात्ताप झाला होता का, मी विचारलं नाही. तिच्या आवाजावरून तरी झाला नव्हता.

संध्याकाळी पोलीस आले. मी कार्ड कॅमेऱ्यातून त्यांच्यासमोरच काढलं. त्यांनी ते पंचांसमोर पाकिटात घालून लाख लावली. टॅबलेटमधलंही घेतलं, त्यात अर्ध्या चौकटीत बोरीची पानं हलत होती, पण आवाज सगळा होता. त्याआधी नवऱ्याने पाहण्यापुरती एक प्रत उतरवून ठेवली होती. मूळ कार्डं त्यांच्याकडे राहतील हे मला त्यांनी समजावून सांगितलं.

काही आठवडे गेले. मग एका दुपारी दिराचा मुलगा स्टुडिओत आला. हातात लोखंडी सळई होती. काहीही न बोलता त्याने काउंटरची काच फोडली, मग भिंतीवरची लग्नांची मोठी फ्रेम, मग लाइटची छत्री. काचेचे तुकडे माझ्या केसांत आले. नवरा बाहेरगावी होता. देवळाकडून येणारी दोन-चार माणसं दारात थांबली, पण सळई पाहून आत आली नाहीत. त्याने सळई माझ्या तोंडासमोर धरली आणि शूटिंगची प्रत मागितली, सगळीच्या सगळी. बापाचा हात कायमचा गेला आणि दुनिया फक्त माझ्या लाथा पाहणार, असं तो म्हणत होता.

मी मागे सरकून टॅबलेट उचलला. मी त्याला म्हणाले की पोलिसांना काय दिलं ते आधी पाहून घे, मग फोड. टॅबलेट मी काचांवरच ठेवला आणि ती प्रत लावली.

तो उभ्यानेच पाहायला लागला. स्वतःच्या लाथा आल्या तेव्हा त्याने सळई खाली टेकवली. त्याला वाटत होतं त्यापेक्षा त्या जास्त होत्या. एक, दोन आठवत असतील, सगळ्या कुणाला आठवतात? मग उभारी. मग खड्डा. बापाचा आवाज आला तेव्हा तो खुर्चीवर बसला.

"हे पन देलं तुमी, ताई?"

"सगळं दिलं."

"बापू बस म्हनला, हे पन?"

"हो. आत्यानंच सांगितलं द्यायला."

त्याने तो भाग परत लावायला सांगितला नाही. सळई घेऊन तो निघून गेला. दारातल्या माणसांनी त्याला वाट करून दिली. मी काचा झाडायला घेतल्या आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. तोडफोडीची तक्रारही मी दिली. त्याने ती नाकारली नाही.

निकाल लागायला वेळ लागला, पण लागला. कोर्टात पडद्यावर ती शूटिंग लावली त्या दिवशी मी साक्षीला होते. आत्या काठी टेकून बसली होती, दीर पलीकडच्या बाकावर, उजवा हात सदऱ्याच्या आत. वकिलांना वाद घालायला फार जागा राहिली नव्हती. कोण आधी, कोण नंतर, कशाने, किती वेळा, सगळं समोर होतं. पहिल्या भांडणात विळ्याआधी काय झालं ते मात्र सिद्ध झालं नाही, म्हणून त्यात दोघंही सुटले. खांदा घसरून मोडला की उभारीने, ते कागदावर आजही तसंच आहे. दुसऱ्यात तिघंही दोषी ठरले. दिराच्या मुलाला शिक्षा झाली, ती त्याने भोगली. आत्याला नि दिराला वय आणि दुखापती पाहून चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं. आत्याला हे अन्यायाचं वाटलं. दिरालाही वाटलं असणार.

हद्दीचे दगड नंतर बंदोबस्तात रोवले गेले. ट्रॅक्टर आता त्यांच्या पलीकडे थांबतो. आत्या लंगडते, लांबचं चालत नाही. दिराची दोन बोटं वळत नाहीत. ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि बोलतील असं मला वाटत नाही. आता मोजणीच्या शूटिंगसाठी गावागावातून मला बोलावणं येतं. काही ठिकाणी जाते, काही ठिकाणी नवऱ्याला सांगून नाही म्हणते.

यंदा तुरीच्या दिवसात मी आत्याकडे गेले होते. कॅमेरा नेला नव्हता. तिच्या तुरीच्या पेंढ्या बांधून झाल्या होत्या आणि मजूर निघून गेले होते. धुऱ्यापलीकडे दीर एकटाच पेंढ्या बांधत होता. डाव्या हाताने दोर गुंडाळायचा, उजव्या कोपराने पेंढी दाबायची आणि गाठ दातांनी ओढायची. गाठ सुटायची. तो परत गुंडाळायचा. आत्या धुऱ्यावर बसली होती. मी म्हणाले, चल घरी, ऊन उतरलं. ती उठली नाही. त्याची एक पेंढी बांधून झाली, तो दुसरीकडे वळला, आणि आत्या त्याच्या दातांतल्या दोराकडे पाहत तिथेच बसून राहिली.